पडद्यावरचे बांगडे

बाबल,

काल तिन्हीसांजेला तुझा पडदा पेटीतून बाहेर काढला. वहिनी म्हणाली, "गुंडूभावजी, तुमीच काढा." मी काढला आणि आधी काय केलं असेल, तर त्याचा वास घेतला. नीळ, भाताची पेज आणि डांबरगोळ्या. तू जवळून गेलास की हाच वास यायचा, वर थोडं टर्पेंटाइन. तेवढं टर्पेंटाइन सोडलं तर तू अख्खा पेटीत होतास.

तुझ्या तेराव्याला जो तो तुझ्याबद्दल बरं बोलत होता. "शांत माणूस," असं कोणीतरी म्हणालं आणि मला वड्याचा ठसका लागला. शांत! ज्याचं "चढव रे गुंडू, चढव!" समुद्रावरच्या होड्यांना ऐकू जायचं, तो शांत! मी काही बोललो नाही. मी गप्प बसलोय हे बघून लोकांना वाटलं, मला फार दुःख झालंय. झालं होतंच. पण गप्प होतो ते वेगळ्याच कारणानं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, बाबल, आणि अर्धवट भांडण घेऊन माणसानं बोलावं तरी कोणाशी? म्हणून हे तुलाच लिहितोय. तू मध्येच तोंड घालू शकणार नाहीस, हा एवढाच यातला फायदा.

तू होड्या रंगवायचास, मी भाताची गिरणी चालवायचो. आपल्या दोन घरांमध्ये काटक्याकुडांची एक वई, आणि त्या वईला तू ये-जा करून पाडलेलं भोक. त्या भोकातून तू एके दिवशी आत आलास, तो चेहऱ्यावर असा काही भाव घेऊन, की मला वाटलं वहिनीला दिवस गेले. "गुंडू," तू म्हणालास, "सिनेमा इलो." तुझ्या मुंबईच्या मेव्हण्यानं कुठल्याशा क्लबातून निकालात काढलेलं सिनेमाचं लहान यंत्र बोटीनं पाठवलं होतं. ते ओटीवर गोणपाटावर बसलं होतं, बाळंतिणीसारखं, आणि वाडीतल्या बाया येऊन येऊन बघून जात होत्या.

यंत्र होतं, पण वीज कुठे होती? वीज माझ्याकडे होती. म्हणजे गिरणीचं इंजिन होतं. त्याला तू कुडाळहून एक जुना डायनामो आणून पट्ट्यानं जोडलास. तिथून वईतून तार, तार तुझ्या घरापुढच्या खळ्यात, आणि खळ्याच्या टोकाला दोन माडांच्या मध्ये मांजरपाटाचा पडदा. वहिनीनं तो दोन पट्ट्या जोडून शिवला होता. शिवण बरोबर मधोमध आली. त्यामुळे आपल्या वाडीत जो जो राजा आला, तो तो नाकावर शिवण घेऊन आला, आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

शनिवार ठरला. चित्राचे डबे एसटीच्या टपावरून यायचे. कोणी नारळ आणायचं, कोणी मासळी, कोणी नुसतीच पोरं. आणि मी? मी गिरणीत. इंजिनाजवळ माणूस लागायचाच. गिरणीची खिडकी उघडायची ती पडद्याच्या मागच्या बाजूला. तेव्हा वाडीनं जे चित्र सरळ पाहिलं, ते मी उलट्या अंगानं पाहिलं. माझ्या आयुष्यातले सगळे नायक डावखुरे होते, बाबल. तलवार डावीकडे, कुंकू लावायचं ते डाव्या हातानं, आणि चित्राचं नाव उलट्या अक्षरांत. मला वाटायचं, सिनेमावाल्यांची हीच रीत असेल.

आठवतं, पिंगुळीचा तो म्हातारा आला होता? आयुष्यभर कातड्याच्या बाहुल्या दिव्यासमोर नाचवलेला माणूस. तू त्याला मानानं पुढे बसवायला गेलास, तर तो तुझ्याकडे बघतच राहिला. "मी पुढे कित्याक बसू? चित्र पडद्याच्या मागे होता," म्हणाला, आणि सरळ येऊन माझ्या खिडकीखाली बसला. सगळं चित्र संपेपर्यंत तो मला शोधत होता. म्हणजे मी काय नाचवतोय, ते शोधत होता.

आता भांडणाकडे येतो.

तुझ्या यंत्रातला दिवा मुळातच पिवळसर. इंजिन जरा दमलं की तो आणखी पिवळा पडायचा. मग खळ्यातून आरडा सुरू व्हायचा, "राजाक कावीळ झाली! राजाक कावीळ झाली!" तू तिथून "चढव!" म्हणून ओरडायचास. मी इंजिन चढवायचो, तर आवाज वाढायचा आणि राणी बारीक किंचाळल्यासारखी बोलायची. मग "उतरव!" उतरवलं की परत कावीळ. तेव्हा तू नीळ काढलीस. वहिनी तुझं पांढरं धोतर नीळ घालून धुवायची, म्हणून ते पिवळं दिसायचं नाही; मग पडद्याला नीळ का नको? एका बादलीत चिमूटभर नीळ, त्यात पेज, आणि पडदा बुडवून वाळत घातला.

मी म्हणालो, "नीळ उजेड खाता. पडदो पांढरोच राहूक व्हयो. इंजिन नीट चालला तर उजेड आपोआप पांढरो पडता."

तू म्हणालास, "तुझा इंजिन कधी नीट चालला? नीळ हलत नाय, गुंडू. इंजिन हलता."

एवढंच भांडण. पण आपण ते असं घोळवलं की सणावारी सुद्धा बाजूला ठेवलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाखाली तू व्याह्याला विचारलंस, "पांढरा म्हणजे काय ते सांगा बघू." ते बिचारे म्हणाले, "हुंड्याबद्दल आमची काही अपेक्षा नाही."

आणि पांढरं ते तरी पांढरं आहे हे ठरवायचं कोणी? तुझी ही युक्ती मला आजही टाळी देण्यासारखी वाटते. सरकारी प्रचाराची गाडी एकदा वाडीत येऊन गेली होती. त्यांची रंगीत फिल्म तुटली, तुटका तुकडा त्यांनी टाकून दिला आणि तो तू उचललास. छोटासाच तुकडा: आधी कुठल्याशा बंदरावर टोपलीतून बांगडे ओततात, मग एक साहेब टोपी काढून घाम पुसतो, मग एका म्हशीला आंघोळ घालतात. तू म्हणालास, माणसाचा रंग कोणाला माहीत? राजाचा रंग कोणाला माहीत? पण बांगड्याचा रंग आपल्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हापासून दर शनिवारी, उजेड जाता जाता, चित्राच्या आधी बांगडे. तू यंत्र सुरू करायचास आणि चालत पडद्याशी जायचास. पडद्याकडे पाठ, एक हात माडावर, तोंड लोकांकडे. पुढे पहिल्या चटईवर शेवंती. सकाळपासून मालवणच्या बाजारात मासे विकून, पाटी घरी टाकून, केसांत अबोली माळून सरळ खळ्यात आलेली. तू विचारायचास, "शेवंते, ताजे काय शिळे?"

बांगडे तिच्या डोळ्यांसमोरून ओतले जायचे. पाठ निळी-हिरवी, पोट चांदीचं, कल्ला लाल. दिवा पिवळा असला की ती म्हणायची, "कालचे." नीळ जास्त असली की, "बर्फातले. माका नको." मग पडदा उतर, धू, परत चढव, मग गुंडू, चढव, गुंडू, उतरव. आणि शेवटी, बऱ्याच वेळानं, मान तिरकी करून ती म्हणायची, "चलात."

बस. "चलात", म्हणजे चालतील, एवढं आलं की चित्र सुरू. "ताजे" असं ती एकदाही म्हणाली नाही. तुझी किती इच्छा होती! "अगो, एकदा तरी ताजे म्हण," म्हणून तू तिच्या मागे लागायचास. ती म्हणायची, "रे मेल्या, पडद्यारचो बांगडो ताजो म्हटलंय, तर माझ्या पाटयेतल्याक काय म्हणू?"

मग ती वर्षं आली.

पहिल्यांदा मला कळलं ते पडद्यावरून नाही, पाण्यावरून. तू रंगवलेल्या होड्या किनाऱ्यावर ओळीनं लागलेल्या असायच्या आणि मला वाटायला लागलं की तुझा सफेता दिवसेंदिवस निळसर होतोय. मग पडदाही. चिमूटभर नीळ मूठभर झाली. खिडकीतून बघतो तर सगळे दरबार समुद्राच्या तळाशी भरलेले. मी ओरडलो, "बाबल, नीळ जास्त होता!" पण गंमत बघ, मी हे पहिल्या दिवसापासून ओरडत होतो. मग आता कोण ऐकणार? तू म्हणालास, "तू मागसून बघतस. तुका रंग काय कळतलो?" आणि खळ्यात सगळे हसले. खरं बोलायला मी एकटाच होतो आणि खोटा ठरायलाही मीच.

आणि नेमकी त्याच वर्षी शेवंती म्हणाली, "ताजे."

तू काय नाचलास त्या दिवशी! यंत्र तसंच टाकून वईच्या भोकातून गिरणीत आलास. "म्हणाली! ताजे म्हणाली! आता बोल नीळ वायट!" त्यानंतर दर शनिवारी "ताजे." विचारलंस की "ताजे." तुला सुख, वाडीला सुख, मी आपला निळ्या राजाकडे बघत इंजिनाला तेल घालतोय.

पुढचं तू सांगायचास तेव्हा स्वतःला सोडून सांगायचास. मी तुला धरून सांगतो. तुकडा परत तुटला होता. तो तू जोडलास. पण ओटीवर बसून, डोळ्यांशी धरून, चुकीच्या टोकाला जोडलास. बांगडे गेले शेवटी आणि म्हैस आली पुढे. तुला ते कळलं नाही. शनिवारी यंत्र सुरू केलंस, जाऊन माडावर हात ठेवलास, पडद्याकडे पाठ केलीस. तुझ्या पाठीवर ही एवढी म्हैस पाणी झटकत उभी. शेवंतीचंही लक्ष नव्हतं. ती मागे वळून कोणाशी तरी भांडत चटई ओढत होती.

"शेवंते, ताजे काय शिळे?"

तिनं मान सुद्धा वळवली नाही. "ताजे, ताजे," म्हणाली.

बाबल, असा हशा आपल्या वाडीत परत झाला नाही. माड हसले. मी खिडकीत हसलो. म्हैस तेवढी हसली नाही. आणि मग हळूहळू एकेक जण गप्प झाला, कारण तू हसत नव्हतास. तू वळून पडद्याकडे बघत होतास. पुढे झालास, आणखी पुढे, नाक कापडाला लागेपर्यंत. मग परत लोकांकडे तोंड केलंस.

"शेवंते," तू म्हणालास, "कधीपासून?"

ती उठून उभी राहिली. एवढी तोंडाळ बाई, पण आवाज खाली आला. "गेल्या वरसापासून. तुका दिसना नाय रे, बाबल."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"इचारतस तेव्हा तुझा तोंड कसा होता, तां तुका दिसना नाय. माका दिसता."

यंत्र बंद केलंस. त्या शनिवारी चित्र झालं नाही.

डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे वहिनीला माहीत होतं, मला संशय होता, वैद्यांनी तर कधीच सांगितलं होतं. पण तू कापून घ्यायला तयार नव्हतास. हसून न्यायचास. "माझे डोळे बरे आसत, तुमचा जग पिवळा झाला!" भीती काय होती ते मला ठाऊक होतं. डोळा गेला तर होड्या गेल्या, पडदा गेला. रंगाचा माणूस काळोखात बसणार. आम्ही सगळ्यांनी समजावलं, रागावलो, वहिनी रडली. कशानं हललास नाही. आणि एका "ताजे"नं हललास. दुसऱ्या दिवशी वईच्या भोकातून आलास आणि म्हणालास, "गुंडू, मी इचारतंय तां खोटां ऐकूक नाय. घाटार जातंय. कापूंदे."

वहिनीला घेऊन घाटावरच्या इस्पितळात निघालास, एसटीच्या खिडकीत बसलास. बाहेर मी. बस सुरू झाली तेव्हा तू डोकं बाहेर काढलंस. "डोळो गेलो तर पडदो तू सांभाळ. पण नीळ घाल हां."

मी म्हणालो, "घालूचंय नाय! म्हणान परत ये."

आपण दोघंही तेव्हा हसलो. बस वळणाआड गेल्यावर मी स्टँडवरच्या बाकावर किती वेळ बसून होतो, ते तुला कोणी सांगितलं असेल तर ठाऊक नाही. मी तरी सांगितलं नाही.

वहिनीनं येऊन सगळ्या गोष्टी सांगितल्या. तिथं म्हणे तुझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून ठेवल्या होत्या, मान हलू नये म्हणून. आणि तू पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी हात लांबवून ती वाळू चाचपायचास आणि म्हणायचास, "ही आमच्याकडची नव्हे. जाडी आसा." आधी एक डोळा, मग काही महिन्यांनी दुसरा. परत आलास तो बरणीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा लावून. त्यामागे तुझे डोळे दुप्पट. वाडी बघायला जमली. शेवंती जवळ आली, कल्ला उघडून बघावा तसं तुझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "बाकीचा काय ता सांगूक येवचा नाय, पण डोळे मात्र ताजे आसत."

त्याच संध्याकाळी तू पडदा मागवलास. वहिनीनं तो माडांच्या मध्ये टांगला. तू खळ्यात उभा राहिलास आणि कितीतरी वेळ तसाच. आम्हाला वाटलं, दिसत नाही की काय.

"ह्यां काय?" तू म्हणालास. "लुगडा कोणाचा सुकत घातलास?"

"तुमचो पडदो," वहिनी म्हणाली.

तू ओटीच्या पायरीवर बसलास. तुझ्या तोंडावर जे आलं ते आठवलं की अजून मला काहीतरी होतं. एवढ्या लोकांना, एवढे शनिवार, तू समुद्राचा तळ दाखवला होतास. "इतक्या लोकांनी ह्यां बघला?" म्हणालास. "आणि कोण काय बोलला नाय?"

तेव्हा शेवंतीनं जे केलं, त्यासाठी मी तिला जन्मभर मानीन. ती म्हणाली, "अरे, तू देवांचीच चित्रां लायतस. राम निळो, कृष्ण निळो, शंकराचो गळो निळो. आमका वाटला, बरोबरच आसा. त्या एका चित्रात पोस्टमन इलो तो पण निळो. तेव्हा मात्र माका जरा शंका इली."

तू हसलास. आधी नुसता खांदा हलला, मग पोट, मग तो जाड चष्मा नाकावरून घसरून पायरीवर पडणार म्हणून वहिनीनं झेलला. दुसऱ्या दिवशी तू स्वतः विहिरीवर पडदा घेऊन गेलास आणि धूत बसलास. पाणी निळं, दगड निळे, तू निळा. शनिवारी बांगडे लावलेस, परत नीट जोडून. विचारलंस. शेवंतीनं बघितलं. खूप वेळ. मग मान तिरकी.

"चलात."

तू भोकातून गिरणीत आलास, माझ्या शेजारी पोत्यावर बसलास. "चलात म्हणाली," एवढंच म्हणालास. "ताजे" म्हणाली होती तेव्हा नाचला होतास. या वेळी नुसता बसून राहिलास आणि मला दिसलं की हे त्याच्याहून मोठं आहे.

मग म्हणालास, "ऊठ. आज तू खळ्यात बस. इंजिन मी बघतंय."

बाबल, याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाला असतास, "गुंडू, ताप इलो काय तुका?" पण इतकी वर्षं चित्र मी मागूनच बघत होतो, हे तुझ्या लक्षात होतं. मी जाऊन पहिल्या चटईवर शेवंतीच्या शेजारी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा नायकानं उजव्या हातात तलवार घेतली. मी एवढ्या मोठ्यानं "अरे!" म्हणालो की लोक माझ्यावर ओरडले.

अर्थात, चित्र बघू दिलंस कुठे? इंजिन तुझ्या हातात. राजा क्षणात उजळतोय, क्षणात कावीळ. राणी मध्येच पुरुषी आवाजात बोलतेय, मध्येच पाखरासारखी. मी खळ्यातून "चढव! अरे चढव!" आणि तू गिरणीतून "पट्टो घसरता! नीळ घाल जरा!" वाडी पोट धरून हसत होती. त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. इंजिन धरून ठेवणं किती अवघड, ते तुला कळलं. आणि नीळ धुवून काढलेल्या पडद्यावर, इंजिन बरं चालत असतानासुद्धा, दिवा थोडा पिवळाच दिसतो, हे मी पुढे बसून पाहिलं. दोघांनाही कळलं, आणि दोघंही बोललो नाही. उलट दुसऱ्या दिवशी भांडण पहिल्यापासून सुरू केलं, नवी धार लावून. त्यानंतरची आपली वर्षं त्यातच गेली, आणि किती छान गेली!

तू गेलास तेव्हा समुद्रावर एक होडी अर्धी रंगवून झाली होती. एक कूस पांढरी लख्ख, दुसरी जुनीच. मालकानं ती तशीच पाण्यात घातली. मालवणच्या बाजूनं बघितली तर नवी, देवबागच्या बाजूनं बघितली तर म्हातारी. निळ्या वर्षांतल्या तुझ्या होड्या अजून आहेत. ओळीत लागल्या की कळतात. बाकीच्या पांढऱ्या, आणि मध्ये मध्ये तुझ्या, पहाटेच्या आभाळासारख्या. परवा नस्त्या मासेमाराला आपल्या एका होडीला नवा रंग द्यायचा होता. तो म्हणाला, "सफेत्यात जरा नीळ टाका. बाबल टाकी तशी." ती आता रीतच होणार, बाबल. तुझा मोतीबिंदू आपल्या किनाऱ्यावर राहिला.

तर काल पडदा काढला. शनिवार होता, दिवाळीनंतरचा पहिला. वहिनीच म्हणाली, "यंदा बंद ठेवला तर ते माका सपनात येवन ओरडतले." पडदा दोघांनी मिळून टांगला. यंत्र मी लावलं. मग इंजिन कोणी धरायचं? माझी बायको सुमन म्हणाली, "मी धरतंय." तिनं धरलं, आणि ते असं एकसुरी चाललं, की मला माझ्या सगळ्या आयुष्याची शंका आली. हे तुला सांगायला नको होतं. जाऊ दे.

खळं भरलं होतं. बांगड्यांचा तुकडा लावला आणि पडद्याशी गेलो. पडद्याकडे पाठ, माडावर हात. तुझा हात जिथे असायचा तिथे साल गुळगुळीत झालीय. शेवंती समोर; केस आता पांढरे, पण अबोली आहेच. मी घसा साफ केला. इंजिनाच्या वरताण ओरडणारा माणूस मी, पण आवाज बारीक निघाला.

"शेवंते, ताजे काय शिळे?"

तिनं बांगड्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझं तोंड कसं झालं होतं, ते मला दिसत नव्हतं.

"ताजे," ती म्हणाली. "ताजे आसत रे, गुंडू."

मला तो "ताजे" ठाऊक होता. तो शब्द आपल्या खळ्यात चांगल्या चित्रासाठी कधी आलाच नव्हता. तो येतो तो आंधळ्या माणसासाठी, दुखावलेल्या माणसासाठी. ती माझ्यावर दया करत होती, आणि मी ती घेतली असती तर तिथेच तुझा पडदा संपला असता. पुढे प्रत्येक शनिवारी आम्ही सगळे निळ्या-पिवळ्यात बसलो असतो, एकमेकांना "ताजे, ताजे" म्हणत.

"शेवंते," मी म्हणालो, "माझ्या तोंडाकडे बघू नको. बांगड्याकडे बघ. खरां सांग."

मागून नुसतं सुमनचं इंजिन. शेवंतीनं पदरानं डोळे पुसले, नीट पुसले, आणि पुढे वाकली. टोपलीतून बांगडे ओतले गेले. तुकडा संपला, मी परत लावला. परत ओतले गेले.

"पिवळे," ती म्हणाली. आणि मग तिच्या मूळच्या आवाजात, "रे मेल्या, हे परवाचे! ह्यां माका दाखवूक बसलंस?"

खळ्यात हसू फुटलं. वहिनीनं काही न विचारता बादली आणून ठेवली, तुझा रुंद ब्रश आणला आणि निळीची पुडी माझ्या हातात दिली. मी पुडी उघडली. इंजिन चढवायला सांगता आलं असतं. सुमननं चढवलंही असतं. पण इंजिन उत्तम चाललं होतं, बाबल, मला बोलायला जागाच नव्हती. मी पाण्यात नीळ टाकली. ब्रश बुडवला आणि तुझ्या पडद्यावर वरून खाली फिरवत गेलो, तू होडीवर फिरवायचास तसा, शिवणीच्या दोन्ही अंगांना. तुकडा परत लावला आणि ओल्या कापडावर बांगडे आले. पाठ निळी-हिरवी, पोट चांदीचं.

मी परत माडाशी जाऊन उभा राहिलो. पडद्याकडे पाठ. आणि तू असा का उभा राहायचास, ते मला तिथे कळलं. ओतल्या जाणाऱ्या बांगड्यांचा उजेड समोरच्या सगळ्या चेहऱ्यांवर पडला होता आणि तो दिसत होता फक्त मला.

शेवंतीनं बघितलं. खूप वेळ. मग मान तिरकी केली.

"चलात," ती म्हणाली.

मी यंत्राशी गेलो आणि चित्र सुरू झालं.

चिमूटभरच टाकली हां, बाबल. वर एक कण नाही.